खालच्या पट्टीतली सोनू

मित्रांनो, मला पाहिलंत तर हसाल. माझ्या भात्याला ठिगळ आहे आणि पांढरे स्वर आता पिवळे दिसतात. मी संजीवनीबाईंची जुनी पेटी. बदलापूरला शिरगावात त्यांच्या हॉलमध्ये राहते.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका गाळ्यातला. धर्मेशभाईंनी माझा एकेक सूर घासून जुळवला आणि बाईंना बजावलं, "दीदी, संभालके. ये बोलती जादा है."

खूप बोललेसुद्धा. बाईंच्या क्लासची कितीतरी मुलं माझ्यावर 'सा' लावायला शिकली. मग सगळ्यांना की-बोर्ड हवा झाला आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे आले. उंदरानं भाता कुरतडला, तरी मी गप्प. झाकण लावलेलं, बोलणार कशी?

एके दिवशी सहावीतली सोनू आली.

"बाई, शाळेच्या समूहगीतात राजेंद्र सर म्हणतात, तू नुसते ओठ हलव. आवाज फाटतो तुझा."

"मग इथे कशाला आलीस?"

"मला खरं गायचंय."

बाईंनी कपडे उचलले, भात्याला ठिगळ लावून आणलं. काळी पाचच्या वरच्या पट्टीत सोनूचा आवाज फाटला. काळी चारला चिरकला. बाई एकेक स्वर खाली उतरत गेल्या. काळी दोनला तो असा लागला की मी आतून थरथरले.

"आवाज छान आहे गं. पट्टी तुझी नव्हती."

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सकाळीच शाळेचा की-बोर्ड बंद पडला. राजेंद्र सर धावत आले.

"ताई, आजचा दिवस पेटी द्या ना!"

"देते. पण वाजवणार मी, काळी दोनमध्ये. आणि सोनू गाणार."

"अहो, मुलांची प्रॅक्टिस वरच्या पट्टीत झालीय!"

"त्यांना खाली उतरता येईल. तिला वर चढता येत नाही. आणि बघा हं, पेटी जड आहे. मीही काही हलकी नाही."

सरांनी मला उचललं.

स्टेजवर मुलं सवयीनं वरच्या पट्टीतच निघाली. नुसता गोंधळ! बाईंनी 'सा' दाबून धरला, सोडलाच नाही. त्या गोंधळात एकच आवाज माझ्याबरोबर होता, सोनूचा. तिनं डोळे मिटले आणि गात राहिली. मग शेजारची मुलगी तिच्या सुरात आली, मग मागची रांग, मग सगळी.

राजेंद्र सर विंगेत उभे होते, नुसते ओठ हलवत.

मित्रांनो, घरात जुनी पेटी असेल तर तिच्यावरचे कपडे उचला. आणि कुणाला गप्प बसवण्याआधी त्याची पट्टी शोधून बघा. सापडत नसेल तर माझ्याकडे या. भाता मात्र जपून ओढा. ठिगळ अजून नवीन आहे.