पाय कुणाचे, शेत कुणाचं

चोवीस वर्षं सोखोमच्या शेताची राखण कवटीच्या लाल पाट्यांनी केली. मातीत सुरुंग होते तोवर त्या शेताकडे कुणी वाकडी नजर टाकली नाही. आज दुपारी सुरुंग काढणाऱ्या पथकानं शेवटचा सुरुंग उडवला आणि धूर विरायच्या आत बुनहाक शेठ हजर! पांढरी गाडी, नवे बूट, हातात कसला तरी पिवळा कागद.

"हे शेत माझ्या वडिलांचं," तो म्हणाला.

"इतकी वर्षं वडिलांची आठवण नाही झाली ती?" सोखोम कडाडली.

गावप्रमुख थोउन ताबापत्र घेऊन उभा होता. त्यावर मालकाच्या नावाची जागा कोरी. माणूस वाईट नव्हता, फक्त शेठच्या गाडीत दोनदा बसलेला. "नंतर बघू," तो पुटपुटला. त्याचं 'नंतर' म्हणजे शेठच्या ओसरीवरची बिअर, हे सोखोमला पक्कं ठाऊक होतं. काय करायचं ते आत्ताच, गावादेखत.

तेवढ्यात पथकाची म्होरकी चान्नी हिनं पथकातल्या मुलींना हाक दिली. शेत सोपवण्याआधी सगळ्या पथकानं हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, ही त्यांची रीत. नुसतं 'साफ केलं' म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार?

सोखोमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"चान्नी, मालकालाही घे की साखळीत!"

"घेऊ ना मावशी. पण मालक कोण?"

"तेच कळेल आता. या शेठ, वडिलांच्या शेतात या!"

सगळं गाव शेठच्या बुटांकडे बघू लागलं. बूट हलेनात.

"मी कशाला? माझा माणूस चालेल. पोव, जा रे!"

पोव म्हणजे शेठचा ड्रायव्हर. त्यानं मान खाजवली. "जातो की शेठ. पण मग कागदावर नावही माझंच लिहा. पाय माझे आणि शेत तुमचं, असं कसं?"

हशा उसळला. सोखोम तोवर चान्नीचा हात धरून आत शिरली होती. पहिलं पाऊल तिनं जपून टाकलं. तिचा नवरा याच मातीत गेला होता. दहाव्या पावलाला मात्र सोखोमच सगळ्या साखळीला ओढू लागली.

"मावशी, हळू! पडाल!"

"पडले तर माझ्याच शेतात पडेन!"

बांधावरून बायका ओरडल्या, "प्रमुखा, लिही की! वाट कुणाची बघतोस?"

थोउननं एकदा शेठकडे पाहिलं, एकदा गावाकडे. गावाची डोकी जास्त होती. त्यानं पेन काढलं. टेकायला काही नव्हतं, तर पोवनं न सांगता पाठ वाकवली. त्या पाठीवरच थोउननं सोखोमचं नाव लिहिलं आणि शिक्का दाबला.

"झालं गं, सोखोम!" कुणीतरी हाक दिली.

तिला ती ऐकू गेली की नाही कोण जाणे. पलीकडचं टोक गाठून, दोन्ही हात उंचावून ती ओरडत होती, "अरे, कसाव्याचं बेणं कुणाकडे आहे? आजच लावायचंय!"