पांढरा टब

आमच्या घरात आधी टब आला, मग बाथरूमची भिंत. लोकांना हे सांगितलं की ते हसतात, पण खरंच तसं झालं. गंगापूर रोडवरचा एक जुना बंगला पाडत होते, तिथला हा बिडाचा टब मी भंगाराच्या भावात उचलला. टेम्पोतून घरापर्यंत आला खरा, पण बाथरूमच्या दारातून काही केल्या आत जाईना. शेवटी गवंड्याने भिंत फोडली, टब आत सरकवला आणि भिंत पुन्हा बांधली. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत असला साहेबी थाट! शेजाऱ्यांनी मनसोक्त टिंगल केली. मी ऐकून घेतलं. टब माझ्यासाठी नव्हताच, तो सृष्टीसाठी होता.

सृष्टी आमची मुलगी. आता तेवीस वर्षांची आहे. जन्मताना तिचा श्वास कोंडला, मेंदूला इजा झाली आणि तेव्हापासून तिचं अंग ताठ. चालत नाही, बोलत नाही. दोन्ही हातांच्या मुठी कायम आवळलेल्या, इतक्या की नखं तळव्यात रुततात. उज्वला, म्हणजे माझी बायको, त्या मुठींत मऊ कापडाच्या सुरळ्या सारून ठेवते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, कोमट पाण्यात झोपवून बघा. टब आला त्या संध्याकाळी आम्ही तिला पाण्यात झोपवलं, आणि थोड्या वेळाने तिचं एकेक बोट सुटायला लागलं. आपल्या लेकीच्या तळहातावरच्या रेघा उज्वलाने त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितल्या. रेघांवरून बोट फिरवत ती रडत होती आणि सृष्टी पाण्यात हसत होती.

त्यानंतर रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. सिन्नरच्या कारखान्यातून मी कितीही वैतागून आलो तरी आधी टब भरायचा. माझा हात तिच्या खांद्याखाली, उज्वलाचा गुडघ्यांखाली. त्या अर्ध्या तासासाठी आम्ही दोघं जगत होतो, यात मी काही वाढवून सांगत नाही.

वर्षं गेली तसा टब कळकट होत गेला. आमचं बोअरचं पाणी. तळाला तपकिरी डाग, नळाखाली काळपट ओघळ. वरचा गुळगुळीत थर झिजून गेला होता, तळ हाताला खरखरीत लागायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं.

वाटायला लावलं माझ्या बहिणीने. मैना येवल्याची. गौरी-गणपतीला आली आणि बाथरूममध्ये डोकावून तिथेच थबकली.

"वहिनी, पोरीला ह्याच्यात आंघोळ घालता? लय घाण हाय गं! आमच्या म्हशीची टाकी बरी म्हणायची."

मैना मनाने वाईट नाही, तिच्या जिभेला हाड नाही एवढंच. पण उज्वलाचा चेहरा पडला. त्या दिवसापासून तिला टब दिसेनासा झाला, नुसते डाग दिसायला लागले. ती घासणीने घासायची, ॲसिड ओतायची, लिंबू चोळायची. डाग ढिम्म हलत नव्हते.

"अहो, ती सांगू शकत नाही म्हणून आपण तिला काहीही द्यायचं का?" ती म्हणाली.

नवा टब बघायला दुकानात गेलो. सगळे फायबरचे, आखूड. सृष्टीचं ताठ अंग त्यात मावलं नसतं. शिवाय जुना बाहेर काढायचा तर पुन्हा भिंत फोडणं आलं. दुकानदारच म्हणाला, "कशाला बदलता? रंगवून घ्या. नव्यासारखा होतो." आणि त्याने जीवनचा नंबर दिला.

जीवन भारी बोलका. मोबाइलवर टबांचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवत म्हणाला, "काका, हॉटेलवाले मलाच बोलावतात. आरशासारखा करून देतो." त्याने डाग घासून काढले, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, मशीनने पांढरा थर मारला. घरभर उग्र वास सुटला, म्हणून सृष्टीला दोन दिवस शेजारी ठेवलं. जाताना त्याने बजावलं, "आठवडाभर पाणी लावू नका. घासणी नको. आणि तळाला चिकटणारी रबरी मॅट अजिबात नको, काढताना रंग सोलून येतो." आम्ही माना डोलावल्या. मॅट आम्हाला कधी लागलीच नव्हती. टबात कोण आंघोळ करतं हे त्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. पुढे जे झालं त्यासाठी मी त्याच्यावर चिडायचा प्रयत्न केला, पण राग टिकत नाही. त्याने काम चोख केलं होतं.

दिवाळी तोंडावर होती. "पहिल्या आंघोळीलाच टब वापरायचा," उज्वलाने ठरवून टाकलं. तोवर सृष्टीला खुर्चीत बसवून तांब्याने पाणी घालत होतो. तिच्या मुठी दगड झाल्या होत्या. ती बाथरूमच्या दाराकडे बघून हुंकार द्यायची. "थांब गं, तुझा टब नटतोय," उज्वला तिला समजवायची.

नरकचतुर्दशीला अंधारातच उठलो. बाथरूमच्या उंबऱ्याशी रांगोळी, पणती. आत तो टब असा पांढराशुभ्र, की उज्वलाने मला आधी नुसतं बघायला लावलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? सृष्टीला चटईवर झोपवून उज्वलाने कोमट तेल चोळलं. डोक्याला, पाठीला, पायांना, दर दिवाळीला चोळते तसंच. मग उटणं. टब दिसताच पोरगी मोठ्याने हसली.

आम्ही तिला पाण्यात सोडलं. तिची पाठ तळाला लागली आणि ती सरकली. एरवी तो खरखरीत तळ तिला धरून ठेवायचा, हे मला त्या क्षणी कळलं. तेलाने माखलेला तिचा खांदा माझ्या हातातून निसटला. ताठ अंग, ना वाकता येतं, ना कुठे धरता येतं. ती सरळ खाली गेली. पाण्याखाली तिचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत होते. मी धरतोय आणि हात घसरतोय, धरतोय आणि घसरतोय. शेवटी उज्वलाने केस धरून तिला वर ओढलं.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, काळजी नको.

पण बाथरूमचं दार उघडलं की ती किंचाळते. नळ सोडल्याचा आवाज आला तरी तिचं अंग कमानीसारखं ताणलं जातं. आम्ही तळाला टॉवेल अंथरून बघितले. मॅट चिकटवली. एका दुपारी उज्वला साडीसकट त्या पाण्यात बसली आणि दारातल्या सृष्टीला म्हणत राहिली, "बघ, आई बसलीय. काही होत नाही. ये ना गं." सृष्टी घसा बसेपर्यंत ओरडली. तिला मी खोलीत नेलं. परत आलो तर उज्वला गार पाण्यात तशीच बसलेली. तिला हाताला धरून उठवावं लागलं.

मग तिने जीवनला फोन केला. "जीवनभाऊ, टब पहिल्यासारखा करून मिळेल का? डागांसकट?"

त्याला वाटलं, ताई थट्टा करताहेत. "ताई, डाग विसरा आता," तो हसत म्हणाला. "दहा वर्षं जातच नाही हा रंग, माझी गॅरंटी."

मी पटाशी घेऊन बसलो आणि थर खरवडायला लागलो. आमचे डाग खाली असतील असं मला वाटत होतं. खाली लांबी निघाली, तिच्याखाली उघडं बीड. डाग जीवनने आधीच घासून टाकले होते. मी पटाशी ठेवून दिली.

आता संध्याकाळी उज्वला कोमट पाण्याचं घमेलं पलंगाशी आणते. निदान हात तरी बुडवावा म्हणून. काल मी सृष्टीला टेकवून बसवायला म्हणून तिच्या खांद्याखाली हात घातला, तेवीस वर्षं घालतोय तसाच. ती किंचाळली. बाथरूमचं दार बंद होतं, नळ बंद होता. माझा हात तेवढा तिथे होता.

मी हात काढून घेतला. उज्वलाने एकटीनेच तिला कशीबशी टेकवली आणि मूठ पाण्यात धरून बसली. पाणी निवलं. तिने सुरळी तशाच ओल्या मुठीत सारायला बघितली, पण आत जागाच नव्हती.