बेकरीवाल्या मावशींचे बावीस गुण

"म्हणजे मी दुःखी आहे म्हणता?" बेकरीवाल्या मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला. "चाळीस वर्षांत नवऱ्याच्याही लक्षात आलं नाही हो, सर."

सर हसले. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली त्यांची लेकही हसली. ती त्यांना घरी न्यायला आली होती. हल्ली त्यांना एकटं सोडत नसत. हातात फार तर वर्षभर आहे, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

माणसाचं मन किती खचलं आहे हे मोजणारी वीस प्रश्नांची प्रश्नावली म्हणजे सरांचं अकरा वर्षांचं काम. उद्या ती छापायला जायची होती, आणि तिथून दवाखान्यांत. एकेका प्रश्नाला तीनपर्यंत गुण; एकूण सोळाच्या वर पडले की उपचार हवेत, असं धरायचं. छपाईआधी एकदा शेवटचं पाहावं म्हणून त्यांनी विद्यापीठाच्या उपाहारगृहात ब्रेड टाकणाऱ्या मावशींना बसवून घेतलं होतं. सरांची रीत ठरलेली होती: नुसतं उत्तर घ्यायचं नाही, ते का दिलं हेही विचारायचं. मावशींना बावीस गुण पडले.

फार लवकर जाग येते? रोजच, तीनला भट्टी पेटवायची असते. दुपारी अंगात त्राण नसतं? कुठून असणार? संध्याकाळी लोकांत जाणं टाळता? सातला अंथरुणात शिरणारीनं जायचं तरी कुठे? बाकी मावशी ठणठणीत होत्या. जाता जाता सुनेची हुबेहूब नक्कलही करून गेल्या.

सरांनी तिन्ही प्रश्नांवर पेन्सिलीने काट मारली.

त्यांची सहायिका एके काळी त्यांचीच विद्यार्थिनी होती. तिला ते पाहवेना. आठशे लोकांचे आकडे चोख आहेत, एका बाईपायी सगळं मोडायचं का, असं तिचं म्हणणं. सरांनी एवढंच विचारलं, की त्या आठशेंत पहाटे तीनला उठणारे किती? तिने यादी चाळली. कारकून, शिक्षक, विद्यार्थी. एकही नव्हता. नवे प्रश्न, नवी माणसं, म्हणजे दीड वर्ष तरी गेलं, ती पुटपुटली आणि तिने लेकीकडे पाहिलं.

"बाबा," लेक म्हणाली, "छापलेली हातात घ्यायचीय ना तुम्हाला?"

"घ्यायचीय की. पण उद्या कुणीतरी या धडधाकट बाईला गोळ्या चालू करील, आणि वर माझं नाव असेल."

ते चक्क खुशीत होते. ती लहान असताना तिच्या गणितातली चूक सापडली की ते असेच खुलायचे.

नंतरचे महिने त्यांचे मजेत गेले. पहाटे ती त्यांना गाडीने सोडायची, कधी बेकरीत, कधी बस डेपोत, कधी रुग्णालयाच्या धुलाईघरात. पिठाच्या पोत्यावर बसून ते प्रश्न विचारत. एकदा घरी येऊन सांगू लागले, की एका धुलाईवाल्याने आज उलट मलाच विचारलं, आजोबा, एवढ्या पहाटे उठून फिरता, तुमचं सगळं बरं आहे ना?

प्रश्नावली पुढच्या वर्षाच्या अखेरीस छापून आली. तोवर सर राहिले नव्हते. पहाटेच्या माणसांकडून भरून घेतलेले फॉर्म खोक्यांत ठेवायचे होते, म्हणून लेक सहायिकेच्या मदतीला गेली. सुरुवातीच्या प्रत्येक फॉर्मवर बाबांचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर होतं. एकशे त्रेचाळिसाव्या फॉर्मपासून ते सहायिकेचं झालं. क्रमांक सलग होते.