पिवळे मडगार्ड

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. साखळी गावच्या स्टँडवर भाडे मारणाऱ्या पायलटची, म्हणजे मागच्या सीटवर प्रवासी नेणाऱ्याची. माझे पुढचे मडगार्ड पिवळे आहे. आमच्या गोव्यात ज्या मोटारसायकलीला प्रवासी नेण्याचा सरकारी परवाना असतो, तिलाच हा रंग मिळतो.

कारखान्यातून मी काळीच निघाले. माझे मालक दत्ताराम पूर्वी सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकावर होते. खाणी थांबल्यावर त्यांनी मला घेतले, रंगवले आणि स्टँडच्या रांगेत उभे केले. नर्सबाई, मास्तर, बाजाराला आलेल्या बाया, सगळ्यांना मी पाठीवर नेले. दत्तारामची गाडी पोटातले पाणी हलू देत नाही, असे लोक म्हणत.

मग शेजारच्या गौरेशने निळी स्कूटर आणली आणि माझे सुख संपले. तिला रांग नाही, परवाना नाही, तपासणी नाही. दरवर्षी तपासणीला माझा दिवा, ब्रेक, भोंगा दाखवण्यात मालकांचा धंद्याचा दिवस बुडे. ती मात्र मोबाइल वाजला की भाडे घेऊन निघाली. कोणी अडवलेच तर गौरेश म्हणे, "मावशी माझी, घराक सोडतंय."

"किती मावश्यो रे तुका?" मालक विचारत.

"आजयेक मुलीच मुली, दत्तारामकाका."

सगळे हसत. मी जळत असे. तिच्या सीटवरचे प्लास्टिकसुद्धा अजून निघाले नव्हते. माझी सीट दोनदा शिवलेली.

यंदा तपासणी जवळ आली तशी ती टाळायला मालकांनी काळ्या रंगाचा डबा आणला. "आता आपणय मोकळे," ते बायकोला म्हणाले.

"मोकळे की बेवारशी, तां बघा," यशोदावहिनी म्हणाल्या.

पिवळ्यावरून काळा ब्रश फिरला तेव्हा मला आनंदच झाला. आता मी निळीच्या बरोबरीची.

बाजाराच्या दिवशी स्टँडवरच्या पायलटांनी आम्हाला रांगेत घेतले नाही. आम्ही औषधाच्या दुकानासमोर उभे राहिलो. गौरेशची गिऱ्हाइके त्याच्या मोबाइलात, आमची रस्त्यावरची. ती एकेक करून पुढे गेली. सुक्या मासळीची जड पिशवी घेऊन कमलाक्षीआक्का आल्या. कित्येक वर्षे त्या माझ्याच पाठीवरून घरी जात. त्याही पुढे गेल्या.

"आक्का, मी दत्ताराम."

त्यांनी वळून हेल्मेटात डोकावून पाहिले. "तोंड कोण बघता रे? आमी बायलमाणसां पिवळा बघून बसतो. काळ्या गाडयेर बसलंय तर लोक विचारतीत, कोणाच्या पाठीक बसून इलंय म्हणून."

आणि त्या उन्हातून चालत गेल्या. मग मालकांनी मला रंगाच्या दुकानाकडे वळवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी होऊन मी तपासणीच्या रांगेत उभी होते.

मित्रांनो, मला शहाणपण आले असे समजू नका. निळी भुर्रकन पुढे जाते तेव्हा मी आजही जळते. एकाच रस्त्यावर मला इतक्या अटी आणि तिला एकही नाही, हे मला पटत नाही. नियम करणाऱ्यांनी माझे ओझे थोडे उतरवावे आणि तिच्याही पाठीवर थोडे ठेवावे. तुम्हाला मात्र एवढेच सांगते: दारातल्या जुन्या गाडीला रंग द्याल तेव्हा मडगार्डाच्या आतूनही द्या. बाहेरून चकाकणाऱ्या पत्र्याला गंज आतूनच धरतो.