माझं कमी झालेलं वजन

ऑपरेशननंतर माझं जे वजन कमी झालं, ते आमच्या हॉलमध्ये येऊन दिवाणावर बसलं.

पहिल्या महिन्यात ते उशीएवढं होतं. गरम होतं आणि हात लावला की जरा सरकायचं. सासूबाईंनी त्यावर सोलापुरी चादर घातली. ऑफिसला निघताना निरंजनने, माझ्या नवऱ्याने, चादरीचं टोक उचलून पाहिलं.

"तुझं आहे," तो म्हणाला. "तूच बघ काय करायचं ते."

मी आयटीआयमध्ये लेथ मशिन शिकवते. कापून काढलेला लोखंडाचा कीस पुन्हा जॉबला, म्हणजे मूळ तुकड्याला, येऊन चिकटत नाही, हे मला कधी फळ्यावर लिहावं लागलेलं नाही. ते मुलांना ठाऊकच असतं.

ऑपरेशन मी मूल व्हावं म्हणून करून घेतलं होतं. डॉक्टर खोत बाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. या वजनात दिवस राहणं कठीण, राहिले तर बीपी, साखर, दोघांनाही धोका. ऑपरेशनने जठर लहान होणार, वजन उतरणार. पण त्यानंतर दीड वर्ष तरी थांबायचं. "तुमचं शरीर तेव्हा स्वतःलाच पुरवठा करू शकत नसतं," त्या म्हणाल्या. "त्यात बाळाला कुठून देणार?" निरंजन शेजारी बसून मान हलवत होता.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दीड वर्ष? मग एवढं कापाकापी करून मिळवलं काय?"

मी थांबायचं ठरवलं. दोन चमचे वरण पंधरा मिनिटं चावायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही, लोह, कॅल्शियम, बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन, सगळं वेळेवर. केस गळायला लागले. ते उचलून टाकायच्या आधीच न्हाणीतून नाहीसे व्हायचे आणि दिवाणावर चादरीखालून वाढायचे. काही महिन्यांत तिथे खांदे आले, मग मान, मग माझा चेहरा. लग्नाच्या अल्बममधला, गोल, हसरा. अंगावर माझा राणी रंगाचा ड्रेस होता. तो मला आता तंबूसारखा व्हायचा, म्हणून मी बोहारणीला द्यायला काढून ठेवला होता.

लग्न झाल्यापासून सासूबाई माझ्या पुढचं भाताचं पातेलं उचलून न्यायच्या. "पुरे गं, अंग बघ जरा." पाहुण्यांसमोरसुद्धा. आता त्या दुपारी साजूक तुपातला शिरा करून दिवाणापाशी न्यायला लागल्या.

"आई, तिला का घालताय?" मी विचारलं.

"अगं, भुकेली आहे. आणि तू खातेस कुठे? मग रांधायचं तरी कोणासाठी?"

"मी खात होते तेव्हा तुम्ही उचलून नेत होता."

"ते तुझ्या भल्यासाठी," त्या म्हणाल्या आणि तिच्या हनुवटीवरचं तूप पदराने पुसलं.

मी डॉक्टर खोतांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट पाहिले. हिमोग्लोबिन वर येत होतं. "छान चाललंय," त्या म्हणाल्या. "अजून थांबा."

"आणि ती?"

"ती माझी पेशंट नाही हो. तिच्याबद्दल मी कसं सांगू?"

मी जसजशी बारीक होत गेले, तसतसं घर मला कमी पडायला लागलं. पलंगावरची माझी बाजू आधी उशीएवढी झाली, मग फळीएवढी. एकदा आयटीआयमधून आले तर माझे कपडे मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी ठेवलेले होते. पलंगावर ती झोपली होती.

"तिला तिथे बरं पडतं," निरंजन म्हणाला. "तुला काय, कुठेही जागा होते."

मागच्या खोलीची रुंदी मी मोजली. दर आठवड्याला ती कमी होत होती, आणि माझ्याइतकीच कमी होत होती. हात पसरले की दोन्ही भिंती लागायच्या. पुढे कोपरं लागायला लागली. शेजारच्या पाटणकर वहिनींनी जिन्यात गाठून विचारलं, "त्या तुमच्या मोठ्या जाऊबाई का हो? घर कसं भरल्यासारखं दिसतं त्यांच्यामुळे."

मग एका रविवारी सासूबाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन खोलीपाशी आल्या. आत मावेनात, म्हणून उंबऱ्यावरूनच त्यांनी पेढा पुढे केला.

"गोड बातमी आहे," त्या म्हणाल्या. "तिला दिवस गेलेत."

तिला कोणी थांबायला सांगितलं नव्हतं.

मी हॉलमध्ये गेले. निरंजन मोबाईलवर पाळण्यांची चित्रं बघत होता.

"तू डॉक्टरांसमोर मान हलवली होतीस," मी म्हणाले.

"तुझ्या बाबतीत. तू थांबच की. तुला कोण घाई करतंय?"

"ते माझं मूल होतं."

"मग आहेच की! तुझ्याच अंगाचं आहे ते. उगाच काय चिडतेस?"

"माझ्या अंगाचं आहे तर मला विचारायचं होतंस."

"तिला विचारलं."

"काय म्हणाली?"

निरंजनने जरा आठवून पाहिलं. "काही बोलली नाही," तो म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अंग आता फारसं उरलं नव्हतं, त्यामुळे राग अख्ख्या अंगात लवकर पसरायचा. सहा वर्षं या घराने माझ्या याच वजनाला नावं ठेवली होती. खुर्ची मोडेल म्हणून हसले होते. त्याच वजनाची आता चोरओटी भरली गेली, पाठीला लोड दिले गेले, आणि ते कमी करण्यासाठी पोट कापून घेतलेली मी कोठीशेजारी अंग चोरून उभी राहून गोळ्या मोजून घेत होते.

एका दुपारी सासूबाई भिशीला गेल्या होत्या. मी दिवाणापाशी गेले. तिला घालवून द्यायचं, या विचारानेच गेले होते. तिचे पाय सुजले होते. माझे सुजायचे तसेच, घोट्यापासून.

"ऊठ आणि जा," मी म्हणाले.

"कुठे?" ती म्हणाली. आवाज माझाच होता, जरा भरलेला. "तू मला काढलंस. मला दुसरं घर माहीत नव्हतं."

"मी तुला बाळासाठी काढलं."

"माहीत आहे. तू भूल उतरताना तेच बडबडत होतीस."

मग तिने विचारलं, "तुझ्या त्या लोहाच्या गोळ्या आहेत ना? मला दम लागतो. इथे मला सगळे शिराच देतात."

मी तिला गोळी दिली. तिने ती पाण्याबरोबर घेतली.

"निरंजनने तुला विचारलं होतं म्हणे," मी म्हणाले.

"छे. बस म्हणाले, बसले. खा म्हणाले, खाल्लं. नीज म्हणाले, निजले. हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की आधी तिला विचारा."

डोहाळजेवणाच्या सकाळीच माझी तपासणी होती. डॉक्टर खोतांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि पहिल्यांदाच हसल्या. "आता हरकत नाही," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही प्रयत्न करू शकता."

मी घरी आले तेव्हा हॉल बायकांनी भरला होता. तिला हिरवी साडी नेसवली होती, मोगऱ्याचे गजरे दंडाला बांधले होते. माझ्या बांगड्या तिच्या हातात बरोबर बसल्या होत्या. घर आता चारी बाजूंनी आत आलं होतं. बायका गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या आणि कोणाचीच तक्रार नव्हती.

"आलीस? ये," सासूबाई म्हणाल्या. "सवाष्ण आहेस, तूही ओटी भर."

त्यांनी माझ्या हातात नारळ दिला. मला तो जड झाला.

"डॉक्टर म्हणाल्या आता हरकत नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"अरे वा," निरंजन म्हणाला. "पण आता काय गरज आहे?"

पाटणकर वहिनी तिच्याकडे वाकल्या. "सांगा बाई, काय खावंसं वाटतं? आंबट की गोड?"

"मला चालायला जायचंय," ती म्हणाली. "बाहेर."

बायका खळखळून हसल्या. सासूबाईंनी तिच्या तोंडात पुरणपोळीचा घास घातला. तिने तो गिळला नाही. गालात धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

मी नारळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

"मी तुम्हाला कधी जड होते आणि कधी हलकी, हे तुम्हीच ठरवलंत," मी म्हणाले. "मूलही तुम्हीच ठरवलंत. आता ओटीपण तुमचीच भरा." आणि तिच्याकडे हात केला. "ऊठ."

ती उठली. उठायला तिला वेळ लागला. मी तिला दंडाला धरलं, गजरा माझ्या हातात चुरगळला. बायका पाय आखडून वाट देत होत्या, तरी वाट कमी होत होती.

"एकीने तरी थांबा!" सासूबाई ओरडल्या. "अगं, घरात एक तरी सून लागेल ना!"

निरंजन मध्ये आला. तो तिच्याकडे बघत होता, मग माझ्याकडे. कोणाला अडवायचं हे त्याला ठरवता येईना.

बाहेरचं दार एवढं बारीक झालं होतं की त्यातून जेमतेम एक बाई जाऊ शकली असती. मी तिचा दंड सोडला नाही. तिने तोंडातला घास बाहेर टाकला, आणि आम्ही दोघी एकदमच दारात शिरलो.