उलटे बाण

"मळ्यांच्या बाजूनं चढायचं आणि दगडी उतारानं खाली यायचं. उलटं जाऊ नका. दमाल तुम्ही आणि शिव्या मला द्याल."

दुकानातून सायकल घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला आमचे हे एवढंच सांगायचे. समुद्राकाठी आमचं सायकलींचं दुकान आहे. भाड्यानं देतो, दुरुस्तही करतो. डोंगरमाथ्यावर शेकडो वर्षांपूर्वीचं तटबंदीचं गाव आहे, ते बघायला माणसं येतात. मिठागरांच्या कडेनं निघालं की रस्ता द्राक्षमळ्यांतून वळणं घेत इतका हळू चढतो, की आपण चढतोय हे पायांना कळतच नाही. गावाच्या मागच्या दरवाजानं आत शिरायचं, वन्संच्या, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीच्या, टपरीवर सरबत प्यायचं आणि पुढच्या दरवाजानं बाहेर पडून, पायडल न मारता, थेट समुद्रावर. पाटीवर आम्ही 'सोपी फेरी' असंच लिहिलंय.

वाटेवरचे बाण यांनी काढलेले. दगडांवर, पायडलच्या उंचीला. चढताना माणूस समोर बघत नाही, चाकाकडे बघतो, असं यांचं म्हणणं. खाऱ्या वाऱ्यानं रंगाचे पोपडे निघतात. म्हणून दर वर्षी हंगामाच्या तोंडावर मी आदल्या दिवशी जुने बाण दगडी रंगानं झाकून यायचे आणि दुसऱ्या दिवशी हे पांढऱ्या रंगानं नवे काढायचे. लग्न झाल्यापासून कामाची हीच वाटणी.

मग यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्याचं नाव. एकदा मलाच म्हणाले, "बाई, तुमची सायकल संध्याकाळी मिळेल." मी हसले, आणि घरी आल्यावर यांच्याकडे पाठ करून भांडी घासत राहिले. हे दुखणं मागे फिरणारं नाही, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. परत येताना समुद्रावरच्या बाकावर बसून यांनी माझ्याकडून वचन घेतलं.

"आज बाण चुकला तर उद्या ब्रेक चुकेल," म्हणाले. "माझा बाण चुकला की सगळे झाकून टाक आणि दुकान बंद कर. दुरुस्त करत बसू नकोस. मला विचारूही नकोस, मी नाहीच म्हणेन."

मी हो म्हटलं. देव तो दिवस आणणार नाही, असं मनाशी धरून चालले होते. रोज पहाटे हात जोडताना एवढंच मागायचे, हा एक हंगाम जाऊ दे. तो गेला की पुढचा मागायचे.

यंदाही मी जुने बाण झाकून आले. दुसऱ्या दिवशी हे एकटेच गेले आणि बोटांना पांढरा रंग माखून खुशीत परतले. हंगामाची पहिली गिऱ्हाइकं म्हणजे एक जाडजूड गृहस्थ आणि त्यांची मेहुणी. दोघं दुपारी सायकली हातानं ढकलत परत आले. गृहस्थ भट्टीतून काढल्यासारखे लाल झाले होते. ही जर सोपी फेरी असेल तर अवघड आम्हाला दाखवूच नका, म्हणाले. मेहुणी म्हणाली, भावोजींना घरचा जिना चढतानाही धाप लागते, डोंगराला कशाला नावं ठेवायची. हे खळखळून हसले. यांना त्यात वावगं काही वाटलंच नाही.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. लोक पुढच्या दरवाजानं का यायला लागलेत, विचारत होत्या.

सकाळी जाऊन बघितलं. मिठागरांपाशी फाटा फुटतो, तिथला बाण दगडी चढाकडे होता. त्यापुढचाही तसाच. थेट वरपर्यंत, आणि पलीकडून मळ्यांतून खाली येईतो, सगळे तसेच. कुठे रंगाचा ओघळ नाही, कुठे रेघ वाकडी नाही. फाट्यावर यांना वाट आठवली नसणार. सायकल वळली तिकडे गेले आणि गेले तसे बाण काढत गेले. खुणेला जुना बाण नव्हता. तो मीच झाकला होता.

तशीच मळ्यांतून परत वर गेले, तर वन्संनी मला टपरीत बसवलं. म्हणाल्या, पांढरा रंग मी देते, दोघी मिळून सगळे बाण फिरवून टाकू, त्याला पत्ताही लागणार नाही. मी वचनाचं सांगितलं. त्या बराच वेळ काउंटर पुसत राहिल्या.

"अगं, दुकान गेलं की तो गेलाच," म्हणाल्या. "आणि ज्याला तू वचन दिलंस, तो माणूस तरी आता राहिलाय कुठं?"

विचार करून सांगते म्हटलं आणि उतरले. खरं तर मला त्यांचंच ऐकायचं होतं.

दुकानात एक तरुण आई आली होती. तिला मागे बाळाची खुर्ची लावलेली सायकल हवी होती. हे ब्रेक बसवत होते. हात नेहमीसारखेच झरझर चाललेले. सीटवर थाप मारून म्हणाले, "घेऊन जा, बिनघोर."

सवयीनं मी पुढचा ब्रेक दाबला. दांडी थेट मुठीला टेकली. तार आवळलेलीच नव्हती.

या चाकात पंक्चर आहे, असं मी त्या बाईला हळूच सांगितलं आणि आज दुसरी सायकल काही तयार नाही म्हणून तिला परत पाठवलं. हे चिडले. पंक्चर असतं तर माझ्या हाताला कळलं नसतं का, म्हणाले. ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवली आणि बोटानं इंच इंच फिरवत बुडबुडे शोधायला लागले. एक फेरी झाली की पुन्हा पहिल्यापासून.

मी दुकानाची पाटी आत घेतली. माझी सायकल काढली, कॅरिअरला दगडी रंगाचा डबा बांधला, ब्रश पिशवीत घातला.

"कुठं निघालीस?" यांनी मान वर न करता विचारलं.

"वन्संकडे जाऊन येते."

"ये जाऊन. तोवर सापडतं मला."

मी मिठागरांच्या रस्त्याला लागले.