संध्याकाळची फुली

मुलीने बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला आणि नाक पुढे केले. फोडींना बुरशी धरली असणार, अशी तिची खात्री होती. पण वास आला तो सफरचंदांचा, आंबूस आणि स्वच्छ. साखरपाण्यात वर तरंगणाऱ्या फोडीही ओल्या होत्या, नुकत्याच कोणी खाली दाबल्यासारख्या.

"बाबा, हा शिरका कधी घातलात?"

"आज बारावा दिवस. पट्टीवर बघ ना."

बरणीला कागदाची पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर शिवणकामाच्या निळ्या खडूने ओढलेल्या बारा रेघा, आणि खाली अकरा फुल्या. मुलीने फुल्यांवरून बोट फिरवले.

या घरातली व्हिनेगर घालायची पद्धत तिला तोंडपाठ होती. फोडी पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायच्या आणि मग गाळायच्या. सकाळचे ढवळणे बाबांकडे, संध्याकाळचे आईकडे. कोण विसरले यावरून लग्नाच्या पहिल्याच वर्षी तोंडातोंडी झाली, तेव्हा आईने खडू आणून नियम केला: बाबांची रेघ, तिची फुली. दोघांनीही कधी दुसऱ्याच्या कामात हात घातला नाही. हट्टीपणात दोघे एकमेकांना पुरून उरणारे होते.

आई जाऊन पाच महिने झाले होते.

"फुल्या कोण काढतं?"

"मी नाही बुवा. संध्याकाळ माझ्याकडे नसते."

"बाबा, आई नाहीये."

"मला सांगतेस? हॉस्पिटलमधून तिच्या चपला पिशवीत घालून मीच आणल्या." बाबांनी दादरा पुन्हा बांधायला घेतला. "त्यानंतर आलुबुखाराचा घातला. सवयीने सकाळचंच ढवळत राहिलो. चौथ्या दिवशी लक्षात आलं, संध्याकाळचं राहतंय. आता फेकूनच द्यावं लागणार म्हणून बघायला गेलो, तर तीन फुल्या. तेव्हापासून बरणी रिकामी ठेवली नाही मी."

फडताळात बाटल्यांच्या चार रांगा होत्या. एवढ्या शिरक्यात अख्खी गल्ली मुरली असती.

मुलगी बाबांना न्यायला आली होती. ते दोनदा गॅस चालू ठेवून झोपले होते. दुसऱ्यांदा शेजारणीला वास आला म्हणून निभावले. तिला रात्र रात्र झोप लागत नव्हती. बाबांचे मात्र एकच: "तुझ्याकडे ती कशी येईल?"

मुलगी शाळेत शिकवायची, आणि कॉपी पकडण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. संध्याकाळी तिने स्वयंपाकघराला कुलूप लावले, खडू मुठीत घेतला आणि बाबांना गॅलरीत आपल्यासमोर मटार सोलायला बसवले. सहाच्या सुमारास आतून आवाज आला. लाकडी डाव काचेला लागत होता, सावकाश, एका लयीत. बाबांनी मान वर केली नाही, फक्त त्यांचे सोलणे त्या लयीत होऊ लागले.

तिने कुलूप काढले तेव्हा डाव ओला होता आणि पट्टीवर बारावी फुली होती. तिच्या मुठीतला खडू घामाने चिकट झाला होता.

"घाबरलीस?" बाबांनी विचारले.

"हो."

"मीही घाबरलो होतो. पहिले दोन दिवस."

दुसऱ्या दिवशी बाबांची तेरावी रेघ झाली. संध्याकाळी मुलीने बाबांना गॅलरीत बसवले आणि ती एकटीच स्वयंपाकघरात गेली. बरणीकडे पाठ करून ती स्टुलावर बसली. वळून बघायची तिची हिंमत नव्हती. पाठीमागे दादऱ्याची गाठ सुटल्याचा बारीक आवाज झाला. मग डाव फिरू लागला.

"आई," ती म्हणाली. "आई, ते गॅस चालू ठेवतात गं. विसरतात. मी तिकडे असते आणि फोन वाजला की माझ्या काळजात धस्स होतं. मला त्यांना न्यायचंय. तुझ्यासाठी ते येत नाहीत."

डाव थांबला.

नळाचे पाणी थेंब थेंब गळत होते. तिच्या मानेवर आंबूस, गार हवा आली आणि तशीच थबकून राहिली. तिने डोळे गच्च मिटले. मग मागे कागदावर खडू घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. आणि पुन्हा.

ती किती वेळ बसून होती कोण जाणे. बाबांच्या पावलांनी ती भानावर आली. ते तिच्या शेजारून बरणीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवून पट्टीवर वाकले आणि बोट टेकवत फुल्या मोजू लागले. तेराव्या फुलीशी बोट थांबले. मग पुढे सरकले. चौदा. पंधरा.

त्यांनी तिथेच बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"काय म्हणालीस तू तिला?"

बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, उत्तराची वाट बघितली नाही. खडू उचलून त्यांनी आपल्या तेरा रेघांपुढे आणखी दोन रेघा ओढल्या. रेघा सरळ आल्या.

"गाळणं दे," ते म्हणाले. "बरणी आता रिकामीच राहू दे."